शहाऐंशी नंबरची ओळ

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि त्यात दोष शेवटी कुणा तिसऱ्याचाच निघतो... एखादी अतृप्त बाई, एखादं चिंचेचं झाड, घराचा आधीचा मालक. इथे तसं काही नाही. इथे जो दोष होता तो माझा होता, आणि तो मला पहिल्याच संध्याकाळी समजला होता.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. कॉम्प्युटर शिकलेला माणूस, त्यात पंचविशीतला. वायर, सॉकेट, सिग्नल यांपलीकडे जगात काही असतं असं मला वाटत नव्हतं. आजही भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त दूध पिववत नाही. चहाही कोराच घेतो.

तेव्हा मी बीडला एका दूध संघाच्या मुख्य कार्यालयात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. संघाचं नाव लिहीत नाही, तो कधीच बंद पडला. दूधधंदा नुकताच खुला झाला होता, खाजगी डेअऱ्यांचे टेम्पो गावोगाव फिरू लागले होते, आणि आपणही मागे नाही हे आमच्या संघाला दाखवायचं होतं. म्हणून कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यामागून मी. नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

मांजरसुंब्याला हायवेच्या कडेला, ढाब्यांच्या रांगेमागे आमचं शीतकरण केंद्र होतं. म्हणजे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सकाळी दुधाचे कॅन यायचे, तिथे दूध थंड होऊन टँकरने पुढे जायचं. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना छोट्या बाटलीत भरून जीपने बीडच्या लॅबमध्ये यायचा. दुपारपर्यंत तपासणी व्हायची आणि तीन वाजता मी निकाल टेलिफोनच्या लाइनवरून मांजरसुंब्याच्या प्रिंटरला पाठवायचो. इथे मॉडेम किंचाळायचा, तिकडे प्रिंटर करकरायचा. छापलेला कागद केंद्राच्या भिंतीवर चिकटवायचे.

आता माझी हुशारी ऐका.

लाइन अतिशय मंद होती. आणि मराठी अक्षरं त्या प्रिंटरला अक्षरं म्हणून कळायची नाहीत, चित्रं म्हणून पाठवावी लागायची. एकशेचाळीस लोकांची नावं असली की तास-सव्वातास. तेवढ्यात लाइन चारदा तुटायची, आणि तुटली की पहिल्या पानापासून पुन्हा. मी डोकं चालवलं. नावं पाठवायचीच कशाला? ती रोज तीच असतात. मी बीडलाच महिनाभराचे कागद आधी छापून ठेवायचो... डाव्या बाजूला नंबर आणि नाव, उजवी बाजू कोरी. ते गठ्ठे जीपने मांजरसुंब्याला जायचे. लाइनवरून जायचे फक्त निकाल, ओळीने, एकाखाली एक, कोऱ्या जागेत. तासाचं काम दहा मिनिटांवर आलं. मग निकालासोबत जाणारा अनुक्रमांकही मी काढून टाकला, कारण नंबर तर तिकडे छापलेलाच आहे. दहाची साडेआठ मिनिटं झाली. त्या दीड मिनिटाचं मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं.

वाटेत एखादी ओळ हरवली तर पुढचा प्रत्येक निकाल एक घर वर सरकेल, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. बघू, म्हटलं.

श्रावण होता. पहिला सोमवार होऊन गेला होता. त्या दिवशी तीन वाजता निकाल पाठवले. मध्येच लाइन खरखरली, पण तुटली नाही. पाचच्या जरा आधी केंद्रातून रंगनाथमामांचा फोन.

रंगनाथमामा म्हणजे केंद्रातला वास घेणारा माणूस. कॅनचं झाकण उघडलं की पहिलं नाक त्यांचं. तीस वर्षं हेच काम. दूध कुणाचं ते झाकण हुंगून सांगायचे... कुणाची म्हैस सरकी खाते, कुणाची कडबा, सगळं.

"सायेब, शेवटच्या बाईच्या नावापुढं कायच छापलं न्हाई. आन वर एकाला सोडा लागलाय, आक्रीतच झालं."

"कुणाला?"

"शहाऐंशी नंबर. सोपान गडदे."

दूध नासायला लागलं की काही लोक त्यात सोडा टाकून आंबटपणा झाकत. लॅबमध्ये अशा दुधाला गुलाबी रंग यायचा. कॉम्प्युटरवरचा हा आमचा पहिलाच पकडलेला सोडा. मी मामांना म्हणालो, "लाइनने शेवटची ओळ खाल्ली असेल. त्या बाईपुढे ओके लिहून टाका." फोन ठेवला, आणि मग लक्षात आलं. ओळ हरवली होती, पण शेवटची नाही. मधली. मी फाइल उघडून बघितली. सोडा होता सत्त्याऐंशी नंबरला. शहाऐंशीपुढे स्वच्छ ओके.

फोन हाताशी होता. संध्याकाळचे पाच वाजले होते, केंद्र सहापर्यंत उघडं असायचं. मी तासभर त्या फोनकडे बघत बसलो आणि मग कार्यालयाला कुलूप लावून घरी गेलो. नंबर काढून टाकण्याची कल्पना माझी होती, हे सगळ्यांना माहीत होतं ना.

संघाच्या अध्यक्षांचा नियम असा होता, की ज्याच्या नावापुढे सोडा लागेल त्याचा दुसऱ्या दिवशीचा कॅन सगळ्यांदेखत नालीत ओतायचा, कॅनवर डांबराची फुली मारायची आणि त्याचं दूध कायमचं बंद. पहिलाच चोर म्हणून मॅनेजरसाहेब स्वतः निघाले आणि मलाही जीपमध्ये घेतलं.

सोपान आबा साठीचे असतील. धनगर माणूस, डोंगराच्या अंगाला वस्ती, शेळ्या-मेंढ्या आणि पाच-सहा म्हशी. डोक्यावर कॅन घेऊन आले आणि नेहमीसारखा ओट्यावर ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं. भिंतीवर काय आहे ते त्यांना तिथे जमलेल्या लोकांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"कावून बगायलात बे माझ्याकडं?"

कुणीतरी सांगितलं. ते हसलेच आधी. "सोडा? आमच्या घरी भज्यातबी कुणी सोडा घालत न्हाई."

रंगनाथमामांनी झाकण उघडून नाक लावलं. मग माझ्याकडे वळले. "दूध चांगलं हाय, सायेब. कालबी चांगलं होतं. मी हुंगलंय."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आणि मी म्हणालो, "मामा, नाकाची चूक होऊ शकते. मशीनची होत नाही."

हे वाक्य मी अगदी शांतपणे बोललो. बीडला शिकलेल्या मराठीत.

कॅन ओतला. दूध नालीतल्या काळ्या पाण्यात पांढरं फिरत गेलं, दोन कुत्री धावत आली, माणसं थुंकली. डांबराचा ब्रश फिरला. सोपान आबा रिकामा कॅन उचलायला वाकले तेव्हा डांबर त्यांच्या धोतराला लागलं.

नुसतं केंद्रातलं दूध बंद झालं असतं तर त्यांनी टेम्पोवाल्याला घातलं असतं. पण गावच्या महादेवाला श्रावण सोमवारच्या अभिषेकाचं दूध त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घरचं जायचं. पुढच्या सोमवारी त्यांची चरवी देवळाच्या पायरीवरून परत पाठवली. देवाला सोड्याचं दूध घालतो का, असं म्हणाले. बाजारात पोरंसोरं त्यांना 'सोडा आबा' म्हणू लागली. हे मला रंगनाथमामा फोनवर सांगायचे, मुद्दाम. मी "हो का" म्हणायचो आणि मॉडेम लावायचो.

आता पुढचं.

कॅन ओतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. "कागद वला निघायलाय."

मला वाटलं छत गळतंय. एसटीने गेलो. छत कोरडं. प्रिंटरची खोली कॅनच्या ओट्यापासून लांब, मध्ये दोन भिंती. भिंतीवरचा कागद बघितला. एकशेचाळीस ओळींपैकी एकशेएकोणचाळीस कोरड्या. शहाऐंशी नंबरची ओळ, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, बोटभर रुंद, ओली. पिवळट. तिच्यावर माशा ओळीने बसल्या होत्या, जणू वाचत होत्या. मी जवळ गेलो आणि वास आला.

नासलेल्या दुधाचा वास सगळ्यांना माहीत असतो. हा त्याच्याही पुढचा होता... बंद डब्यात आठ दिवस राहिलेल्या दुधाचा, आंबट आणि वर गोडसर. तो नाकात राहत नाही, जिभेच्या मागे जाऊन बसतो. मी बाहेर जाऊन ओकलो.

मग इंजिनिअरपणा सुरू केला. प्रिंटर उघडला. उंदीर मेलेला असेल म्हणून आतला पट्टान् पट्टा पुसला. आत काही नव्हतं. रिबन मात्र एका ठिकाणी बुळबुळीत झाली होती, बोटाला चिकट तार सुटत होती. नवी रिबन टाकली. कागदाचा नवा गठ्ठा फोडला. तीन वाजता बीडहून माझ्या सहकाऱ्याने निकाल पाठवले आणि मी समोर उभा राहून बघत होतो. पंच्याऐंशीपर्यंत कोरडं खडखडीत. मग प्रिंटरचा आवाज बदलला, चिखलातून चप्पल ओढल्यासारखा. आणि कागदाच्या दोन्ही कडांना जी भोकं असतात ना, त्या ओळीच्या भोकांत दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं भरून बाहेर आलं. सत्त्याऐंशीपासून परत कोरडं.

मी महिन्याच्या याद्या नव्याने छापल्या, शहाऐंशी नंबर आणि नाव काढून. कागदावर पंच्याऐंशीखाली थेट सत्त्याऐंशी. तर त्या दोघांच्या मधल्या फटीत ओल आली. प्रिंटर बदलला. तेच. नवा प्रिंटर मांजरसुंब्याला न नेता बीडला माझ्याच टेबलावर ठेवला, लाइनच नाही, साधी दोन हात लांब केबल, आणि तीच यादी छापली. माझ्या टेबलावर ओली ओळ निघाली. सहकारी खुर्ची सरकवून उठला. "अरे काय सांडलंस बे? काय घाण आहे ही!"

माझ्या बोटांचा वास जाईना. साबण, राख, लिंबू... जेवताना घास तोंडाजवळ आला की पहिल्यांदा तो यायचा. घरी आईने खीर केली, तर मी ताटावरून उठलो. खरं सांगायचं तर त्या ओलीची जेवढी किळस यायची त्याहून जास्त माझ्या हाताची यायची. फोन उचलला नव्हता तो हात.

लॅबच्या मॅडमना मी तो कागद दाखवला. सगळं सांगितलं नाही, फक्त म्हटलं हे काय आहे बघता का. त्यांनी नाकाला रुमाल लावून पात्याने थोडं खरवडलं, नळीत घातलं, सोड्याच्या तपासणीचे थेंब टाकले. गुलाबी झालं नाही.

"दूधच आहे. नासलंय, पण सोडा नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठून आणलंत?"

त्याच आठवड्यात कागद घेऊन मी मांजरसुंब्याला गेलो आणि रंगनाथमामांपुढे धरला. एवढे दिवस त्यांनी तो लांबूनच बघितला होता. त्यांनी झाकण हुंगतात तसा तो नाकाजवळ नेला. डोळे मिटले. मला वाटलं तेही ओकतील. पण त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं.

"बाभळीच्या शेंगा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या म्हशीचं दूध. ह्या टायमाला शेंगा साठवून कोण घालतंय? आमच्याकडं येणाऱ्यात एकच माणूस." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "सोपानचं दूध हाय हे. आता सांगा सायेब, चूक नाकाची का मशीनची?"

मी त्यांच्यापुढे सगळं ओकलो. या वेळी शब्द.

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाले, "मला लई दिवस झाले ठावं हाय. शेवटच्या बाईची वळ कोरी आली तवाच वाटलंतं. पण म्या आडाणी, माझं कोण ऐकतंय."

मी तिथूनच चालत वस्तीवर गेलो. सोपान आबा पडवीत दावं वळत बसले होते. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, नंबर, ओळ, लाइन... त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती. शेवटी मी म्हणालो, "आबा, तुमचं दूध चांगलं होतं. मला माहीत होतं. माझं चुकलं."

त्यांनी दावं खाली ठेवलं नाही.

मग मी कागदाचंही सांगितलं. आणि मूर्खासारखं विचारलं, "आबा, तुम्ही काही... करणी वगैरे?"

आत चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला, गिरजाबाईंना, एकदम हसू फुटलं. "आवं, ह्यास्नी साधा ताप आला तर गंडा बांधू देत न्हाईत, आन करणी कोणाची करतेत!"

"मला कागद वाचता येत न्हाई," आबा म्हणाले. "त्याला म्या काय करू?"

"मग मला माफ करा, आबा."

"हितं?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "माझ्या घरात मला कुणी चोर म्हणलं न्हाई. जिथं म्हणले, तिथं ये. सकाळच्याला, कॅन यायच्या वक्ताला."

लिहिण्याआधी मी पुष्कळ विचार केला की याचं काही स्पष्टीकरण आहे का. कागदात ओल धरली असेल, तर ती नेमकी एका ओळीत का धरावी? कुणी मुद्दाम करत असेल, तर बीडला माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत, कुणी केलं? माझ्याच मनाचे खेळ म्हणाल, तर सहकाऱ्याला वास कसा आला, मॅडमच्या नळीत दूध कुठून आलं? चार लोकांना मी विचारलं, त्यातले दोन इंजिनिअर. एकाने 'आर्द्रता' असा शब्द वापरला. एका ओळीपुरती! आणि तुम्ही विचाराल की माफीनंतर ते थांबलं का. थांबलं, पण त्या दिवशी नाही. पुढचे चार दिवस कागद ओलाच आला, मग नुसता दमट, मग एका दुपारी कोरडा. का ओला आला आणि का सुकला, दोन्हींचं उत्तर माझ्याजवळ नाही. नोकरी पक्की झाली नाही, त्याचं उत्तर मात्र आहे.

वस्तीवर जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने गेलो. ओट्यावर तीस-चाळीस माणसं, कॅनचा खणखणाट. मॅनेजरसाहेबांना मी सांगितलं नव्हतं, पण ते येऊन उभे होते... मामांनी फोन केला असावा. मला बघून एकजण म्हणाला, "आले का कॉम्प्युटरवाले! आज कुणाचं सांडायचं?" सगळे हसले. सोपान आबा मागे, नालीजवळ उभे होते. कॅन आणला नव्हता. रिकामे हात मागे बांधलेले.

मी ओट्यावर चढलो. तोंडात तोच आंबट वास होता.

"शहाऐंशी नंबरच्या दुधात सोडा नव्हता," मी म्हणालो. "ओळ सरकली होती. चूक माझी होती."

मॅनेजरसाहेबांनी मला हाताने खाली बोलावलं. मी उतरणार तेवढ्यात आबा जागेवरूनच म्हणाले, "नंबर कुणाचा, ते म्हण. माझं नाव न्हाई का?"

"सोपान गडदे यांच्या दुधात सोडा नव्हता."

"आन तुला कवा कळलं?"

हे मी टाळलं होतं. वस्तीवर सांगितलं होतं, इथे गिळलं होतं.

"त्याच दिवशी. संध्याकाळी पाच वाजता."

लोकांत कुजबुज झाली. एका म्हाताऱ्याने माझ्या पायाशी पचकन थुंकी टाकली. आबा गर्दीतून पुढे आले, ओट्याच्या कडेला थांबले आणि कानामागे तळहात धरला.

"मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाई," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी हात जोडले आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने म्हणालो, "सोपान आबा, तुमचं दूध चांगलं होतं. मला आदल्या दिवशीच माहीत होतं, तरी मी इथं उभा राहून ते नालीत ओतू दिलं, आणि मामांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तुम्ही चोर नव्हता. मी होतो. मला माफ करा."